शिट्टीचा श

सकाळी साडेसातला डिचोलीच्या त्या गल्लीतून जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, इथे घशाची साथ आली आहे. एका घराच्या सोप्यावर सहासात माणसं कोमट मिठाच्या पाण्याचे पेले घेऊन, माना वर करून एकसुरात गुळण्या करत बसलेली असायची. समोर लुंगीवर इस्त्रीचा शर्ट घातलेले एक उंच, हडकुळे गृहस्थ फूटपट्टी हलवत उभे असायचे. मधेच ते म्हणायचे, "आता पाणी थुंका, पण आवाज ठेवा." आम्ही पाणी अंगणातल्या अळवात थुंकायचो आणि आवाज ठेवायची खटपट करायचो. तो आवाज म्हणजे पोर्तुगीज भाषेतला र, आणि ते गृहस्थ म्हणजे आमचे सर. अळू मात्र त्या मिठानं कधी वाढलं नाही.

मी हळर्णची. त्या वेळी डिचोलीतल्या एका खासगी इस्पितळात नर्स होते. आमचे आजोबा पोर्तुगीज अमदानीत जन्मले होते, त्यांच्या जन्माची नोंद कुठल्याशा जुन्या वहीत सापडली आणि घरात एकदम चैतन्य आलं. नातीला त्या देशाचा पासपोर्ट मिळू शकत होता, पण नातवंडांना भाषा यावी लागते. पणजीला तोंडी परीक्षा द्यायची होती. पास झाले तर परदेशातली नोकरी, नापास झाले तर तेच इस्पितळ आणि तीच मेट्रन. त्या मेट्रनला ओळखणारा कुणीही माझ्यासारखाच दोन बस बदलून गुळण्या करायला आला असता.

सरांची जन्मभराची नोकरी पाणीखात्यात झाली. घरोघरचे मीटर वाचायचे. आकडा ते आधी मोठ्यानं पोर्तुगीजमध्ये म्हणायचे आणि मग वहीत लिहायचे. बायका घाबरून विचारायच्या, "काय झाला ओ? पाणी तोडतले?" सर म्हणायचे, "काय नाय, चार वाढलेत." निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली: 'येथे पोर्तुगीज उच्चार शिकवले जातील.' भाषा शिकवली जाईल असं लिहिलं नव्हतं. व्याकरण कुठल्याही पुस्तकात मिळतं, तोंड मात्र कुणीतरी घडवावं लागतं, असं त्यांचं मत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे, "अब्रू घरी ठेवून या, जीभ तेवढी बरोबर आणा."

त्यांचं स्वतःचं पोर्तुगीज शिक्षण दहाव्या वर्षी थांबलं होतं, आणि ते कसं थांबलं हे प्रत्येक तुकडीला ऐकावं लागे. मुलांकडे पुस्तक नव्हतं. मास्तर रोज थोडा थोडा धडा फळ्यावर लिहून देत. सातवा धडा चालू होता. एक मुलगा आजीची बकरी घेऊन बाजाराला निघतो. पुलावर पोचतो. एवढ्यात दाट धुकं पडतं, पुढचं काही दिसेनासं होतं. 'आणि मग मुलाने' एवढं लिहून मास्तरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, बाकीचं सोमवारी. सोमवारी पोर्तुगीज राज्यच उरलं नव्हतं. मास्तर गेले, पुस्तक गेलं. सरांचे वडील त्या दिवशी गावभर साखर वाटत फिरले आणि सरांनीही ती खाल्ली. राज्य गेल्याचं त्यांना कधीच वाईट वाटलं नाही. पण पुलावरच्या त्या मुलाचा विषय निघाला की चेहरा पडायचा. "गेले तां बरां झालां," म्हणायचे, "पण धडो पुरो करून जावंक व्हयो होतो."

पुढे त्यांनी ते पुस्तक पणजीत, मडगावात, कुणाकुणाच्या माळ्यावर शोधलं. मिळालं नाही. सोप्यावरच्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात ते अर्धं वाक्य चौकटीत कायम लिहिलेलं असे आणि त्याला फडकं लावायची कुणाला परवानगी नव्हती.

सरांची सगळी साधनं स्वयंपाकघरातली. 'ल्ह' नावाचा एक निसरडा आवाज आहे, ल आणि य यांच्या मधे कुठेतरी लपलेला. त्यासाठी ते टाळूला गुळाचा खडा चिकटवायला लावत आणि तो जिभेच्या पाठीनं खरवडत बोलायला सांगत. तीन दिवसांत आवाज यायचा आणि चौथ्या दिवशी मुंग्या. दुसरा एक आवाज म्हणजे आपला ञ. पहिलीत मुळाक्षरांच्या तक्त्यावर त्याच्यापुढे कसलंच चित्र नसायचं. "बिचारो जन्मभर बेकार बसलेलो," सर म्हणायचे, "हंय तेका नोकरी मिळाली." दारूचा शब्द, उद्याचा शब्द, सगळीकडे ञ. ज्यांना तो जमायचा नाही त्यांना सर मांजराकडे पाठवत. सरांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकींचं मांजर भूक लागली की शुद्ध ञ म्हणायचं.

पावाचं प्रकरण याहून वाईट. आपण पिढ्यान् पिढ्या पाव खातो, पण तो शब्द खरा नाकातून यायला हवा, पांव. नुसतं पाव म्हटलं तर त्या भाषेत अर्थ होतो काठी. हे कळल्यापासून सरांचा जीव कासावीस. पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत आला की आख्खा क्लास उठून कुंपणाशी जायचा आणि एकेकानं नाक दाबून मागायचं. महिनाभरानं पदेरानं काकींना हळूच विचारलं, "हेंका सर्दी कित्याक सोडणा नाय?" दुसऱ्या दिवसापासून तो पाव कुंपणावर ठेवून लांब उभा राहायला लागला.

माझी वैयक्तिक अडचण होती आजोबा. आजोबा म्हणजे अवो, आजी म्हणजे अवॉ. फरक फक्त तोंड किती उघडता त्याचा. "अवो म्हणताना गरम पेजेवर फुंकर घाल," सर सांगायचे, "आणि अवॉ म्हणताना जांभई दी." माझ्या दृष्टीनं हा जीवनमरणाचा प्रश्न होता, कारण हक्क आजोबांकडून होता आणि आजी होती बांद्याची, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात जन्मलेली. परीक्षेत तोंड चुकून जास्त उघडलं तर माझा सगळा अर्ज इंग्रजांच्या खात्यात गेला असता. मी इस्पितळात पेशंटांचा ताप बघतानासुद्धा फुंकरा घालायची. एका आजोबांना वाटलं, मी त्यांची दृष्ट काढते आहे.

आमच्या तुकडीत दोडामार्गचे एक भाऊ होते. खाणी बंद पडल्यावर त्यांचा खनिज वाहणारा टिपर दारात उभा होता, आणि मोपाला विमानतळ होतो आहे तर तिथे टॅक्सी घालावी, परदेशी पाहुण्यांशी चार शब्द बोलावेत, असा त्यांचा बेत. त्यांना स्पॅनिश हवं होतं. सर म्हणाले, काही हरकत नाही, शेजारचंच घर आहे. "पोर्तुगीज माणूस शब्द अर्धो गिळता, स्पॅनिश माणूस पानभर वाढता. एवढोच फरक." स्पॅनिशमध्ये लांबलचक, थरथरता र असतो. एकाच शब्दात तो छोटा केला तर अर्थ 'पण', लांबवला तर 'कुत्रा'. आम्ही सगळे हरलो. भाऊंनी डोळे मिटले, हात गिअरवर असल्यासारखा ठेवला आणि पहिल्याच फटक्यात असा काही र काढला की शेजारच्या घरातली म्हातारी रस्त्यावर बघायला आली. "ह्यो तर माज्या गाडयेचो स्टार्टर," भाऊ लाजून म्हणाले. पुढचा आवाज मात्र जीभ दातांत धरून काढायचा होता. तो त्यांनी इतक्या मनापासून धरला की आठवडाभर फक्त पेज प्यायले.

आता त्या श विषयी. पोर्तुगालात शब्दाच्या शेवटी स आला की त्याचा श होतो. दोन म्हणजे दोयश, तीन म्हणजे त्रेश, सहा म्हणजे सैश. सर आकडे म्हणायला लागले की या प्रत्येक श च्या पोटातून एक बारीक, लांब, सुरेख शिट्टी निघे. आम्हाला वाटायचं, हीच या भाषेची खरी खोच. ती शिट्टी कशी काढायची हे सर कधी सांगत नसत. "मी करतंय तसां करा," एवढंच. मग आम्हीच घरी आरशासमोर बसून शोधलं. जीभ वरच्या दातांमागे चिकटवायची आणि उजवीकडून हवा सोडायची. मला दीड महिना लागला. भाऊंनी दातांत आगकाडी धरून सराव केला. शेवटी सगळा क्लास एका सुरात वाजायला लागला तेव्हा आम्हाला आपला फार अभिमान वाटला. क्लासच्या वेळात काकी कुकर लावत नसत, तिसरी शिट्टी कुणाची हे त्यांना कळायचं नाही.

एकदा मी मोबाइलवर लिस्बनच्या बातम्या ऐकल्या आणि भाऊंना म्हटलं, "तिथे शिट्टी ऐकायला येत नाही." भाऊंनी विचार करून सांगितलं की मोबाइलचा स्पीकर बारीक आवाज खातो. मला ते पटलं. माणूस एकदा दीड महिना घालवून बसला की त्याला बरंच काही पटतं.

सरांचा समोरचा वरचा एक दात नव्हता. वीस वर्षांमागे जत्रेतल्या शिळ्या खाज्यानं तो नेला होता. हे आम्ही रोज बघत होतो. मराठी बोलतानाही त्यांची शिट्टी वाजायची, तर आम्ही म्हणायचो, बघा, पोर्तुगीज अंगात किती मुरलंय. दात आणि शिट्टी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे इस्पितळात काम करणाऱ्या मलाही सुचलं नाही. आजही हे लिहिताना लाज वाटते.

माझ्या परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना सरांच्या नातीचं लग्न ठरलं. काकींनी बजावलं, "फोटोत भगदाड दिसाक नाय जाय. दात बसवून घेवा." सर गेले आणि नवा दात बसवून आले. सोमवारी क्लास भरला. सरांनी फूटपट्टी उचलली आणि दहापर्यंत आकडे म्हटले.

दोयश कोरडं, त्रेश कोरडं.

"सर, तुमची तब्येत बरी नाय?" भाऊंनी काळजीनं विचारलं.

"कित्याक?"

"उच्चार बिघडलोसो वाटता."

मी म्हटलं, "सर, तुमची शिट्टी राहिली."

"खंयची शिट्टी?" सर म्हणाले.

ते खरंच विचारत होते. वीस वर्षं वाजत असलेली शिट्टी त्यांच्या स्वतःच्या कानांना ऐकूच येत नव्हती. मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना करून दाखवली. सात जणांनी एका दमात दोयश, त्रेश, सैश म्हटलं. गल्लीतले दोन कुत्रे फाटकाशी आले. आतून काकींनी, कुकर लावलेला नसतानाही, ओरडून सांगितलं, "गॅस बंद केलंय." सर एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी बोट हळूच नव्या दातावर नेलं आणि ते खाली बसले. आपल्या हातून काय झालं हे त्यांना आमच्या आधी कळलं. त्या दिवशी क्लास तिथेच सुटला.

गुरुवारी सर हळर्णला आमच्या दारात उभे. पिशवीत मेणबत्ती, आरसा आणि डब्यात पावशेर तांदळाचं पीठ. आईला वाटलं, कसल्याशा शांतीसाठी कुणी भटजी आले. सरांनी माझ्या तळहातावर पीठ ठेवलं आणि श म्हणायला लावलं. पीठ पसरलं तर श बरोबर, एका रेघेत उडालं तर शिट्टी. पीठ एका रेघेत उडालं आणि समोर बसलेल्या आईच्या कपाळावर बसलं. दोन तास आम्ही तेच करत होतो. आईचं तोंड पांढरंफेक झालं, पण माझी जीभ काही केल्या जुनी जागा सोडेना.

शेवटी सरांनी पिठाचा डबा बंद केला. "बाय, मी तुका भाषा शिकवलंय असां माका वाटत होता," ते म्हणाले, "मी तुका माज्या दाताची फट शिकवली." आई चहा ठेवायला आत गेली. सर पुढे म्हणाले, "पाटी लावून आठ वर्षां झाली. कितके जाण खंय खंय गेले आणि माजी फट घेवन बोलतत. तू नापास झालंस तर मी पाटी काढून टाकतलंय." हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, आणि म्हणूनच मला भीती वाटली. माझी नोकरी एकीकडे आणि ती पाटी एकीकडे, दोन्ही आता माझ्याच जिभेवर होत्या.

परीक्षेला पोर्तुगालहून एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर ओढलेला, मान वहीत. त्यांनी घरच्यांबद्दल विचारलं. मी पेजेवर फुंकर घातली आणि आजोबा बरोबर आले. गुळाचे शब्द आले, मांजराचे शब्द आले. मग त्यांनी विचारलं, भावंडं किती? आम्ही तिघं. त्रेश म्हटल्याशिवाय सुटका नव्हती. मी जीभ सैल सोडली, देवाचं नाव घेतलं आणि उभ्या आयुष्यात काढली नव्हती इतकी लांब शिट्टी काढली.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मान वर केली. "पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी मला सहा म्हणायला लावलं. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "माझे आजोबा," त्या म्हणाल्या, "अगदी असेच बोलायचे."

माझ्या जिवात जीव आला. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "कुठल्या प्रांतातले?"

बाईंनी समोरच्या वरच्या दातावर बोट ठेवलं. "प्रांत कसला. गाईनं लाथ मारली होती."

नंतर त्या बराच वेळ त्यांच्या आजोबांबद्दलच बोलत होत्या. मी मान डोलवत होते आणि मला सगळं कळत होतं. मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, ज्याला माझ्या आजोबांचं बोलणं येतं त्याला मी नापास करू शकत नाही.

डिचोलीच्या बसस्टँडवर सर छत्री घेऊन उभे होते. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. पास झाले का, असं विचारलं नाही.

बसमध्ये मी ठरवलं होतं की सगळं खरं सांगायचं. पण त्यांनी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. मी म्हटलं, "सर, बाई म्हणाल्या, त्यांचे आजोबा अगदी असेच बोलायचे."

"आजोबा?"

"हो. गावाकडचे. पास केलं मला."

सर बाकावर बसले. म्हणाले, "म्हणजे जुनी बोली. लिस्बनवाल्यांनी टाकलेली." सरांनी पाठ फिरवली, तोंडात दोन बोटं घातली, नवा दात काढून रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. पुढच्या सोमवारी क्लास भरला. तेव्हापासून जेवायला दात आणि शिकवायला फट, अशी त्यांनी वाटणी केली. लग्नाच्या एकाही फोटोत त्यांनी तोंड उघडलं नाही. काकी अजून त्याचा राग धरून आहेत.

गाईचं मी कधीच सांगितलं नाही. खोटं बोलले नव्हते, पण अर्धं ठेवलं होतं, आणि अर्ध्यावर ठेवण्याचं दुःख काय असतं हे त्या माणसाइतकं कुणाला ठाऊक होतं? तेच मला बरीच वर्षं खुपत राहिलं.

आता मी पोर्तुगालातल्या एका लहान गावात वृद्धाश्रमात काम करते. इथल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना दात नाहीत. बाकीच्या नर्सना, कधी कधी त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही, त्यांचं बोलणं कळत नाही. मला पहिल्या दिवसापासून कळतं, आणि माझं त्यांना. माझ्याच वयाच्या माणसांना तेवढं माझं बोलणं समजायला वेळ लागतो.

गेल्या वर्षी इथे एक आजी आल्या. नव्वदीच्या पुढच्या, तोंडाचं पूर्ण बोळकं, दिवसभर पुटपुटत असायच्या. सगळे म्हणायचे, त्या असंबद्ध बोलतात. मी सूप भरवत होते आणि त्या बोलत होत्या. मुलगा, आजीची बकरी, बाजार, पूल. माझा चमचा हवेतच राहिला. शाळेतला धडा त्या पाठ म्हणत होत्या. धुकं पडलं. "मग?" मी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांना 'मग' असं विचारणारी मी पहिलीच असेन. त्यांनी माझा हात धरला आणि सगळा सांगितला.

मी तिथूनच डिचोलीला फोन लावला. काकींनी उचलला. सर आता फारसे उठत नाहीत म्हणाल्या आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

"सर, तो मुलगा घरी पोचला."

सर म्हणाले, "कसो?"

"त्यानं बकरीचं शेपूट धरलं. बकरीला वाट ठाऊक होती."

"आणि बाजार?"

"बाजार राहिला, सर."

"रवूं दी," ते म्हणाले. "कोणी सांगितल्यान?"

"एका आजींनी. सर, इथे दात गेलेले सगळे तुमच्यासारखेच बोलतात." या खेपेला मी काहीच अर्धं ठेवलं नव्हतं.

तिकडून एक शिट्टी आली. ते हसत होते की काय, ते फोनवर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकींनी फळ्याचा फोटो पाठवला. भाऊंनी धरून उठवलं तेव्हा कुठे उभे राहिले, असं लिहिलं होतं. डाव्या कोपऱ्यातली चौकट पुसली होती आणि वाक्य थरथरत्या अक्षरांत चौकटीबाहेर जाऊन पार फळ्याच्या उजव्या काठापर्यंत पोचलं होतं. शेवटी पूर्णविराम होता, चांगला रुपयाएवढा.